बाजूला व्हायला बाजू

रखमाक्का शाळेच्या दारात आली तेव्हा तिच्या हातात कोयता होता आणि तिला बोलता येत नव्हतं. मी चौथीच्या वर्गाला शुद्धलेखन घालत होतो. ही रखमाक्का आमच्या पेठेत घरोघर जळणाच्या मोळ्या विकणारी बाई. एरवी तिचं तोंड बंद करायचं म्हणजे दहा माणसं लागतील. पण त्या सकाळी डोक्यावरची चुंबळ तशीच, पदर मातीत लोळतोय, आणि घशातून नुसता घरघर आवाज... मी खडू खाली ठेवला. दाराच्या चौकटीला धरून ती शेवटी एवढंच म्हणाली, "मास्तर, मष्णूच्या अंगावर ओंडका घातला."

त्याला आज सहा आठवडे झाले. मष्णू आमच्या पायवाटेच्या कडेला बसला होता. वाटेवर लाकूड उतरवू देणार नाही म्हणून बसला होता. लॉरी मागं आली, दोर सुटला, आणि वरचा ओंडका घरंगळत खाली आला. धडधाकट माणूस असता तर उडी मारून बाजूला झाला असता. मष्णूला तेवढ्या वेळात उठता आलं नाही, कारण त्याचा उजवा गुडघा वाकत नव्हता. तो गुडघा चौदा वर्षांपूर्वी मी मोडला होता. लॉरी सुरू करायच्या लोखंडी हँडलानं, सगळ्या पेठेच्या देखत. हे मी आजवर कुठं लिहिलं नाही आणि मला कुणी कधी विचारलंही नाही. पण मष्णूबद्दल लिहायचं तर दुसरीकडून सुरुवात करता येत नाही.

त्या वेळी आमचं रामनगर म्हणजे बेळगावहून गोव्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना असलेली दुकानं, एक भाताची गिरणी, शाळा आणि लाकूड. गोव्यात अजून पोर्तुगीज होते, त्यामुळे हद्दीपलीकडे जाणाऱ्या गाड्या थोड्या. पण दिग्गीच्या बाजूच्या रानातून मत्ती, किंदळ, सागवान भरून येणाऱ्या लॉऱ्यांना खंड नव्हता. एक ठेकेदार होता, तो असायचा शहरात. इथं त्याचा मुकादम सगळं पाहायचा. डेपोतली जागा भरली की तो ओंडके रस्त्याच्या कडेला रचायचा. बघता बघता गिरणीपासून शाळेपर्यंत दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीच्या लाकडाच्या भिंती उभ्या राहिल्या, आणि मधे उरली एका लॉरीपुरती गल्ली. त्याच गल्लीतून बाजाराच्या दिवशी रानातल्या वाड्यांवरून येणारी माणसं चालायची. डोक्यावर भाताची गोणी, कमरेवर मूल. मागून हॉर्न वाजला की लाकडाला पाठ घासून उभं राहायचं, पोट आत ओढायचं, आणि चाक गेलं की पुढं निघायचं. याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. पावसात चिखल असतो, तशी रस्त्यावर लॉरी असते, असं आम्ही धरून चाललो होतो.

माझे वडील त्या दिवशी गिरणीवर भात घेऊन निघाले होते. त्यांना कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येत नसे. वर्गात कुणीतरी धावत सांगायला आलं आणि मी तसाच अनवाणी पळत सुटलो. बाबा रस्त्यात आडवे होते. गोणी फुटली होती, भात सांडला होता, आणि त्या भातातून रक्त हळूहळू पुढं सरकत होतं. छातीचा आकार राहिला नव्हता. ड्रायव्हर पळून गेला नव्हता. तो रस्त्यावर मांडी घालून बसला होता आणि बाबांचं डोकं मांडीवर घेऊन आपल्या खाकी सदऱ्याच्या बाहीनं त्यांच्या तोंडातलं रक्त पुसत होता. तीस-बत्तीसचा, काळासावळा, खानापूरकडचा. मान वर करून म्हणाला, "लेक काय तुम्ही त्यांचा?"

मी लॉरीकडे वळलो. हँडल लॉरीच्या तोंडाशी अडकवलेलं होतं, ते उपसलं. पहिला घाव खांद्यावर बसला. त्यानं बाबांचं डोकं आधी सावकाश खाली ठेवलं, मग हात वर केला. दुसरा घाव मी गुडघ्यावर घातला. ओलं लाकूड फाटतं तसा आवाज आला. तो आवाज ऐकून मला बरं वाटलं... हे लिहिताना हात थांबतो, पण खरं तेच आहे, बरं वाटलं. मग मी हँडल टाकून बाबांजवळ बसलो आणि पुढचं काम पेठेनं केलं. दगड, काठ्या, लाथा. कुणाच्या तरी घावानं त्याचा डावा डोळा गेला. मेला असं वाटलं तेव्हा लोक थांबले.

तो मेला नाही. पोलिसांनी दवाखान्यात जबाब घेतला तेव्हा म्हणाला, लॉरीवरनं उडी मारताना पाय मोडला. डोळा कशानं गेला? दगडावर पडलो. लिहून घेणाऱ्यालाही कळलं असणार, पण तेवढंच लिहिलं गेलं. अपघाताबद्दल मष्णूला सजा झाली आणि तो कारवारच्या तुरुंगात गेला. मी बाबांचं दिवसकार्य उरकलं आणि शाळेत रुजू झालो. पेठेत सगळे माझं सांत्वन करायचे. हँडलाचं नाव कुणी काढलं नाही. लाकडाच्या भिंती जिथल्या तिथं होत्या, आणि बाबा जिथं पडले तिथून मी रोज दोनदा चालत जात होतो, खाली न बघता.

दीड-दोन वर्षांनी, सुगीच्या दिवसांत, एका रविवारी सकाळी तो माझ्या अंगणात उभा होता. खांद्यावर कुदळ, काखेत काठी, उजवा पाय लाकडासारखा ताठ. फुटलेल्या डोळ्याची खाच उघडीच. मी पडवीत वह्या तपासत होतो.

"मास्तर," तो म्हणाला, "ती जागा खणू काय?"

मी उठलो आणि त्याच्या थोबाडीत मारली. तो कलला, काठीवर सावरला, परत सरळ उभा राहिला. मी म्हणालो, "परत इथं दिसलास तर दुसरा पाय मोडीन."

"व्हय," म्हणाला आणि वळून गेला. गेला तो सरळ बाबा पडले होते त्या जागेवर.

तिथं त्यानं खणायला सुरुवात केली. लाकडाच्या भिंतीमागं गटारासारखी एक पट्टी होती, झुडपांनी माजलेली, घाणीनं भरलेली. ती तो एकटा उकरत होता, ताठ पाय बाजूला पसरून, दुसऱ्या गुडघ्यावर बसून. येणाऱ्याजाणाऱ्यांनी त्याला ओळखलं. पहिले चार दिवस दगड बसले त्याला. एकदा कपाळ फुटलं, फडकं बांधून परत खणायला लागला. पाचव्या दिवशी रखमाक्का मोळी घेऊन तिथं थांबली. त्यांचं बोलणं तिनं मला पुढं इतक्या वेळा सांगितलं आहे की मीच ऐकल्यासारखं वाटतं.

"काय खणायलास रे, मुडद्या?"

"बाजू."

"कसली बाजू?"

"आक्का, आम्ही डायवर लोक हॉर्न मारतो आणि बोंबलतो, बाजूला व्हा, बाजूला व्हा. पण बाजूला व्हायला बाजू हाय कुठं हितं? तो म्हातारा ऐकला असता तरी जाणार कुठं होता?"

रखमाक्कानं मोळी खाली टाकली. त्या वर्षी तिनं स्वतः एकदा लाकडाला चिकटून उभं राहताना लॉरीच्या फळीनं पाठ सोलून घेतली होती. मोळी परत उचलून ती गेली. दुसऱ्या दिवशी येताना नाल्यातला एक दगड मोळीबरोबर घेऊन आली आणि त्याच्यापुढं आदळला. "हा लाव कडंला. बाजूला कड नगो?"

मंडळाची सुरुवात ती. ठराव नव्हता, पाटी नव्हती, अध्यक्ष तर नव्हताच. बाजाराला येणाऱ्या बायका येताना एकेक दगड आणायच्या, तो मष्णूपुढं टाकायच्या आणि पुढं जायच्या. पेठेतले लोक हसून म्हणायचे, हे पायपीट मंडळ. ते नाव चिकटलं. मी मात्र बाजूनं जायचो, मान वळवून. एकदा दिसलं की बरोबर बाबा पडले त्या जागेसमोर त्यानं भिंतीत एक फट करून घेतली आहे, माणूस रस्त्यावरून आत शिरू शकेल एवढी. त्यासाठी त्यानं तीन ओंडके हलवले होते. एकट्यानं, पहारीनं.

ते तीन ओंडके मुकादमाला खुपले. त्याची माणसं आली आणि मष्णूला त्याच्याच कुदळीच्या दांड्यानं मारून गेली. दोन बरगड्या मोडल्या. तो गिरणीमागच्या पडक्या खोलीत राहायचा, तिथं पडून होता. रखमाक्का माझ्याकडे आली. "मास्तर, तुम्हाला लिवायला येतंय. अर्ज लिवा." मी म्हणालो, त्या माणसासाठी मी लिहिणार नाही. ती म्हणाली, "त्याच्यासाठी कोण सांगितलं? माझ्या पाठीसाठी लिवा."

मी लिहिला. मधल्या काळात आमचा मुलूख मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला होता. अर्ज परत आला, कन्नडात लिहून आणा म्हणून. कन्नडात लिहून दिला. मग कित्येक महिने काही नाही. तेवढ्यात एका बाजाराच्या दिवशी लॉरीच्या धक्क्यानं एक पोटुशी बाई लाकडावर आपटली आणि तिचं मूल पोटातच गेलं. ती बाई रखमाक्काच्या वाडीची.

पुढच्या बाजाराला सकाळी आठच्या सुमाराला बायकांनी मोळ्या, गोण्या, टोपल्या रस्त्याच्या मधोमध उतरवल्या आणि त्यांच्यावर बसून राहिल्या. मष्णू लाकडाच्या भिंतीला टेकून उभा होता, काखेत काठी. मी शाळेच्या पायरीवरून बघत होतो. रांगेत लॉऱ्या थांबल्या, हॉर्नचा नुसता कल्लोळ. मुकादम आठ-दहा माणसं घेऊन आला. आधी शिव्या, मग गोण्या फेकणं, मग काठ्या. एका म्हातारीचं डोकं माझ्या डोळ्यांदेखत फुटलं. ती खाली बसली आणि आपल्या रक्ताकडे असं बघत राहिली, जणू ते दुसऱ्या कुणाचं आहे. रखमाक्कानं मोळीतलं सगळ्यांत जाड लाकूड उपसलं आणि मुकादमाच्या तोंडावर हाणलं. त्याचे पुढचे दात गेले. कुणीतरी मष्णूला खाली पाडून त्याच्या मोडक्या पायावर नाचत होतं. पायरीवरून मी केव्हा उतरलो ते मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच की मी त्या माणसाच्या मानेला दोन्ही हातांनी धरलं होतं आणि मष्णू खालून ओरडत होता, "मास्तर, सोडा! मरंल तो, सोडा!"

पोलिसांनी मला आणि मष्णूला नेलं आणि दिवसभर एका कोठडीत बसवलं. माझा सदरा फाटलेला, त्याच्या ओठातून रक्त. आम्ही समोरासमोर भिंतींना टेकून बसलो होतो. मीच विचारलं, "माझं नाव का सांगितलं नाहीस तेव्हा?"

त्यानं एक डोळा बारीक करून माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "मास्तर, तुम्हाला एक सांगतो. सायबासमोर मी म्हटलं, म्हातारा एकदम पुढं आला. तसं न्हाई. मी लांबनं बघितला होता त्यांना. हॉर्न मारला. परत मारला. मला वाटलं, व्हईल बाजूला. रोज व्हतातच की लोक... हॉर्न मारला म्हणजे माझं काम झालं, पुढचं त्यांचं. ब्रेकवर पाय होता, दाबला न्हाई. दाबला तेव्हा जवळ आले होते." ओठावरचं रक्त पुसून म्हणाला, "मग तुमचं नाव कुठल्या तोंडानं सांगू?"

मी त्या कोठडीत रडलो. बाबा गेले तेव्हा रडलो नव्हतो. तो उठून जवळ आला नाही, मला हात लावला नाही. रडणं संपेपर्यंत दुसरीकडे तोंड करून बसला. आमची दोस्ती तिथली. तिला माफी वगैरे म्हणावं असं काही आमच्यात बोललं गेलं नाही. संध्याकाळी सुटलो आणि तो लंगडत, मी त्याच्या चालीनं, असे पेठेत आलो. लोकांनी दुकानांतून बाहेर येऊन बघितलं.

त्या दंग्यानं एक झालं. रस्त्याचे साहेब येऊन गेले आणि शाळेपासून गिरणीपर्यंत एका बाजूनं पाच फूट पट्टी चालणाऱ्यांसाठी मोकळी ठेवावी असं कागदावर आलं. कागदावर. लाकूड हलवलं आम्ही, दगड बसवले आम्ही. रविवारी सकाळी मंडळ जमायचं. बायका दगड आणायच्या, मी आणि गिरणीतले दोघंतिघं मुरूम टाकायचो, आणि मष्णू दगडाची कड लावायचा. ओळ बघायला एक डोळा आयताच मिटलेला असल्यामुळे त्याला दोरी धरावी लागत नसे, असं तो स्वतःच म्हणायचा आणि हसायचा. खालचा नाला ओलांडायला आम्ही दोन ओंडक्यांचा साकव घातला. दोन पावसाळ्यांत वाट पुरी झाली. जोयड्याच्या बाजूनं आलेले लोकही बघून जायचे. एका वाडीनं तसंच मंडळ काढलं. मष्णू त्यांच्याकडे आठ दिवस राहून कड कशी लावायची ते शिकवून आला. आमच्या पेठेत आता लोक त्याला मष्णूमामा म्हणू लागले. त्यांच्यातल्याच कुणी त्याचा डोळा काढला होता. कुणी, ते त्याला ठाऊक होतं. पण त्या माणसाच्या दुकानात तो रोज चहा प्यायचा.

तो संत नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. त्याच्या अंगात आग होती. गोवा मोकळा झाला आणि रस्त्यावर गाड्या दुपटीनं वाढल्या. घाईच्या गाड्या, परक्या गाड्या. एका दुपारी एक लॉरी आमची दगडाची कड फोडून वाटेवर चढली. मेलं कुणी नाही, एका मुलीच्या पायाला खरचटलं. मष्णूनं त्या ड्रायव्हरला दाराबाहेर ओढलं आणि दगडावर त्याचं डोकं आपटायला लागला. एकदा, दोनदा, तीनदा. आम्ही चौघांनी मिळून ओढला तरी सुटेना. शेवटी सुटला तेव्हा त्याचे हात कोपरापर्यंत लाल होते आणि तोंडावर जे होतं ते मी ओळखलं. बरं वाटल्याचं होतं ते.

तो ड्रायव्हर वाचला, पण त्यानंतर पंधरा दिवस मष्णू खोलीबाहेर आला नाही. मग एका रविवारी आला आणि मंडळापुढं म्हणाला, "एक नेम करा. मंडळातला माणूस डायवरला हात लावणार न्हाई. गाडी अडवायची, नंबर लिवायचा, संपलं. मी लावला तर मलासुद्धा काढा." रखमाक्का म्हणाली, "मुकादमाला चालतंय काय लावला तर?" सगळे हसले. तो हसला नाही. "आक्का, मी चेष्टा करायलो न्हाई. मारताना माणूस बघत न्हाई कोण हाय ते." तो नेम झाला, आणि पाच वर्षं पाळला गेला.

आता त्या सकाळचं उरलेलं सांगतो.

या वर्षी डेपो पुन्हा भरला आणि मुकादमानं वाटेवर लाकूड उतरवायला लावलं. तोच मुकादम, दात नसलेला. मष्णू जाऊन कडेवर बसला. लॉरी मागं घ्यायला लावली मुकादमानं, दोर सोडायला लावला मुकादमानं. ओंडका सुटला म्हणे. बघणारे म्हणतात, सोडला. आता ते कोर्टात आहे, तिथंच ठरेल. मी रखमाक्काच्या मागून धावत पोचलो तेव्हा मष्णू ओंडक्याखाली होता, छातीपासून खाली दिसत नव्हता. तोंडावर काही लागलं नव्हतं. एक डोळा उघडा होता. मी त्याचं नाव घेतलं... दोनदा घेतलं.

मुकादम पळाला होता. सापडला तो लॉरीचा ड्रायव्हर. वीस-बावीसचा, धारवाडकडचा, मराठी धड न येणारा. त्याला मागं कोण बसलंय हेही दिसलं नव्हतं. लोकांनी त्याला ओढून काढायला सुरुवात केली. त्यानं स्टिअरिंगला मिठी मारली होती आणि कन्नडात आईला हाका मारत होता. कुणीतरी पहारीनं त्याच्या बोटांवर मारलं. मिठी सुटली. तो खाली पडला आणि पेठ त्याच्यावर तुटून पडली. मंडळातलीच माणसं होती. ज्यांनी नेम केला होता तीच. आणि सगळ्यांच्या पुढं कोयता उचललेली रखमाक्का.

मी त्या पोरग्याच्या अंगावर पालथा पडलो. विचार करून नव्हे. विचार केला असता तर कदाचित पडलो नसतो, कारण माझ्याही हाताला काहीतरी जड हवंसं झालं होतं. पाठीवर घाव बसायला लागले. एक पहार खांद्यावर आली आणि गळ्याजवळचं हाड मोडलं, ते मी आतून ऐकलं. कानावर दगड बसला. खाली तो पोरगा थरथरत होता, त्याचं रक्त माझ्या गालाला लागत होतं. मी ओरडलो, "आक्का, मष्णूला मी असाच मारला होता! याला मारलास तर उद्या कोण खणणार?" काय म्हणायचं होतं मला, ते आज मलाही नीट सांगता येणार नाही. पण रखमाक्का थांबली. कोयता हवेत. मग तिनं तो फेकला, आमच्या दोघांवर पाय फाकवून उभी राहिली आणि अशी किंचाळली की समोरचा माणूस दोन पावलं मागं गेला. "बाजूला व्हा!" ती ओरडत होती. "बाजूला व्हा, मुडद्यांनो, सगळे बाजूला व्हा!"

लोक झाले बाजूला. हळूहळू झाले, पण झाले. मग पंधरा माणसांनी मिळून ओंडका उचलला आणि मष्णूला बाहेर काढलं.

तो ड्रायव्हर जगला. त्याची तीन बोटं गेली. दोर कुणाच्या सांगण्यावरून सुटला ते त्यानं पोलिसांना सांगितलं आहे, आणि मला कुणी मारलं असं विचारलं तेव्हा मी पेठेतल्या सहाजणांची नावं सांगितली. त्यातले दोघं माझ्याशी बोलत नाहीत. बोलतील. नाही बोलले तरी सांगायला हवं होतं. मागच्या वेळी कुणीच सांगितलं नाही आणि आम्ही सगळे चौदा वर्षं एकमेकांना नमस्कार करत राहिलो.

गेल्या रविवारी मंडळ त्याच्या खोलीवर जमलं. गिरणीच्या मालकाला खोली मोकळी करून हवी होती. एक खाट, एक कंदील, दोन भांडी, दोरीवर धुतलेलं धोतर. खाटेखाली एक गोणपाटाचं पोतं होतं. रखमाक्कानं ते ओढून काढलं आणि उपडं केलं, तर आतून चपला पडल्या. वीस-पंचवीस असतील. सगळ्या एकेकट्या, एकीचीही जोडी नाही. बायकांच्या, पुरुषांच्या, काही मोठ्या, काही अगदी लहान. आम्हाला आधी काहीच समजेना. मग गिरणीतल्या माणसानं सांगितलं की लॉरी आली, माणसं दचकून उड्या मारून पळाली, की रस्त्यावर एखादी चप्पल राहायची. मष्णू ती उचलून आणायचा. तुटलेला अंगठा शिवायचा, तळ ठोकायचा, तेल लावायचा. "जोडी नसलेली चप्पल नीट करून काय करतोस?" असं त्यानं एकदा विचारलं होतं. मष्णू म्हणाला होता, "दुसरी त्यांच्या घरात असंल की."

बायका खाली वाकून बघायला लागल्या. कुणी हसली, कुणी डोळे पुसले. रखमाक्कानं एक उचलली, उलटीसुलटी केली, अंगठ्याजवळचे पक्के टाके बोटानं चाचपले. मग ती चप्पल काखेत मारून निघून गेली. आम्ही उरलेल्या चपला पडवीत ओळीनं मांडल्या. अर्ध्या तासानं ती परत आली तेव्हा तिच्या दोन्ही पायांत चपला होत्या, एक धुळीनं पांढरी झालेली, एक तेलानं काळी.

"व्हतीच घरात," ती म्हणाली आणि घमेलं उचललं. त्या दिवशी कडेचे सात दगड परत बसवायचे होते.